कार्ड आजारपणाआधी काढा

आजार सांगून येत नाही. म्हणून कागदपत्रे तब्येत ठणठणीत असतानाच जमवावीत. आयुष्मान भारत योजनेत पात्र गरीब कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर, बाह्यरुग्ण तपासणीसाठी नव्हे.

खरी अडचण घर सुटलेल्या तृतीयपंथीयांची. घरच्या शिधापत्रिकेवर नावच नाही, मग योजनेच्या यादीत कुठून येणार? २०१९ च्या कायद्याने त्यांना जिल्हाधिकाऱ्यांकडून स्वतंत्र ओळखपत्र मिळू लागले. त्याच्या आधारे त्यांना योजनेत घेण्याचा करार २०२२ मध्ये झाला.

तेव्हा आधी ओळखपत्र काढावे, आधारवरील नाव त्याच्याशी जुळवून घ्यावे आणि योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राकडे नोंदणीची चौकशी करावी. पोटात कळ आल्यावर ही धावपळ झेपत नाही.