बुऱ्हाणपूरचे दोन आलमखान

खानदेशच्या फारुकी घराण्याचा इतिहास अभ्यासताना १५०८ या वर्षापाशी वाचक गोंधळतो. कारण गादीवर हक्क सांगणाऱ्या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांचे नाव आलमखान असेच आहे. त्या वर्षी दाऊदखान मरण पावला व त्याचा पुत्र गझनीखान काही दिवसांतच विषप्रयोगास बळी पडला. एका आलमखानाचा पक्ष अहमदनगरच्या अहमद निजामशाहाने उचलला. दुसरा मातेच्या बाजूने गुजरातच्या महमूद बेगड्याचा आप्त होता. बेगडा ससैन्य आला आणि १५०९ मध्ये थाळनेर येथे आपल्या आप्तास त्याने ‘आदिलखान’ म्हणून गादीवर बसविले.

या लहानशा राज्यासाठी दोन बलाढ्य सुलतान का झगडले? तापीचे खोरे व असीरगड ज्याच्या हाती, त्याच्या हाती दक्षिणेचे द्वार, हे त्याचे उत्तर होय.

या निर्णयाची खूण आपणांस बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतील १५९० च्या संस्कृत शिलालेखात सापडते. त्यातील वंशावळ पित्याकडून पुत्राकडे अशी सरळ उतरते. म्हणून कधीही राज्य न केलेले कैसरखान व हसन तीत आहेत. प्रत्यक्ष राज्य केलेला दाऊदखान मात्र नाही. तो वडील शाखेचा, आणि लेख कोरविणारा राजा विजयी शाखेचा. वंशावळीतील प्रत्येक नाव खरे असूनही तिच्यावरून राज्यकर्त्यांचा क्रम लावू गेल्यास आपण फसतो. शिलालेख वाचताना त्यातील मौनही वाचले पाहिजे, असे आम्हांस वाटते ते यासाठीच.