श्वास रोखा... आवाज येतोय!

'मोबाइल बंद कर. आणि दोन मिनिटं तोंडसुद्धा!'

आमच्या दादरच्या फॅमिली डॉक्टरांचा हा हुकूम. एका नव्या कॉन्ट्रॅक्टसाठी मला फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं. तीन वाजता अंधेरीला मीटिंग. सही-शिक्का घ्यायचा आणि सुटायचं, असा माझा साधासोपा प्लॅन. पण डॉक्टरकाकांनी पंखा बंद केला, रस्त्याकडची खिडकी ओढून घेतली आणि कानाला स्टेथोस्कोप लावला. ती थंडगार चकती छातीला टेकली. एक जागा, दुसरी, तिसरी, चौथी... आणि पुन्हा दुसरी. तिथेच थांबले. डोळे मिटून.

'मर्मर ऐकू येतेय,' ते म्हणाले.

माझ्या पोटात गोळाच आला! हा शब्द आमच्या घरात नवा नाही. माझ्या मावशीला लहानपणी घसा सुजल्यावर रुमॅटिक फीवर झाला होता. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंवर वेळेत औषध मिळालं नाही, तर शरीराची प्रतिकारशक्तीच कधी कधी हृदयाच्या झडपांवर उलटते. मावशीची मायट्रल झडप अशीच आखडत गेली. तिशीत जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा कुठे कुणीतरी तिच्या छातीला नीट नळी लावली. मग ऑपरेशन, धातूची झडप आणि जन्मभर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या.

'पण काका, गेल्या वर्षीचा माझा ईसीजी तर नॉर्मल होता!' मी म्हटलं.

'ईसीजी हृदयातली वीज दाखवतो गं. झडपा कशा उघडतात-मिटतात, ते थेट नाही दाखवत. ते आधी कानांनी ऐकायचं.'

मग त्यांनी मला चक्क शिकवलंच. आपलं ते 'लब-डब' म्हणजे झडपा मिटल्याचा आवाज. लब म्हणजे हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या दोन झडपा, डब म्हणजे हृदयातून बाहेर जाणाऱ्या वाटेवरच्या दोन. एकूण चार झडपा, म्हणून ऐकायच्या जागाही मुख्यतः चार. दोन ठोक्यांच्या मधे एरवी शांतता असते. त्या शांततेत 'फुस्स' असा आवाज आला, की ती मर्मर. काही आवाज इतके हलके, की पेशंटला डाव्या कुशीवर वळवून किंवा पुढे वाकवून, श्वास रोखायला लावून ऐकावे लागतात. पंखा का बंद केला, ते आत्ता कळलं!

गंमत म्हणजे हे यंत्र जन्माला आलं ते संकोचातून. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरसमोर एक तरुण पेशंट बसली होती. तेव्हाची पद्धत म्हणजे थेट छातीला कान लावायचा. तिच्या बाबतीत ते प्रशस्त वाटेना. त्याने कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर, दुसरं आपल्या कानाला. आवाज आला तो आधीपेक्षाही स्पष्ट! पुढे लाकडी नळी आली, मग दोन्ही कानांची. दोनशेहून अधिक वर्षं झाली, पण कल्पना तीच.

माझी टू-डी इको झाली. त्या दोन दिवसांत मी नेटवर जे जे वाचलं, ते तुम्ही वाचू नका. रिपोर्ट आला: चारही झडपा ठणठणीत! मग आवाज कसला? उत्तर रक्ताच्या रिपोर्टमध्ये होतं. हिमोग्लोबिन ८.४. बायकांमध्ये ते १२च्या खाली गेलं, की अॅनिमिया. रक्त असं फिकं पडलं, की कमतरता भरून काढायला हृदय जास्त रक्त, जास्त जोरात ढकलतं. नळ फुल सोडल्यावर पाइप कसा आवाज करतो, तसंच!

नाश्त्याला सुट्टी, दुपारी वडापाव, दिवसभर कटिंग. आणि सतत थकवा आला, की 'डेडलाइनचं टेन्शन आहे गं' म्हणून सोडून द्यायचं. ओळखीचं वाटतंय ना? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय बायकांमध्ये अॅनिमिया आढळला. म्हणजे ऑफिसच्या लेडीज ग्रुपमध्ये मी एकटी नक्कीच नाही.

प्रत्येक मर्मर माझ्यासारखी निरुपद्रवी नसते, हे मावशीने शिकवलंय. म्हणून पुढच्या चेकअपला हे नक्की करा. सैलसर कपडे घाला. जाड जॅकेटवरून तपासून घेऊ नका. लहानपणी सांधे सुजले होते का, ताप लांबला होता का, हे आईला विचारून जा. धाप, चक्कर, छातीत धडधड होत असेल तर लपवू नका. आणि डॉक्टरांनी कानाला नळी लावली, की प्लीज, गप्प बसा! ऐकून झाल्यावर मात्र विचारा, 'काय ऐकलंत?'

तीन महिने लोहाच्या गोळ्या, जेवणाबरोबर लिंबू आणि जेवणानंतरच्या चहाला रजा. हिमोग्लोबिन ११.९ झालं. डॉक्टरकाकांनी पुन्हा पंखा बंद केला. दुसऱ्या जागेवर थांबले, हसले आणि नळ्या माझ्याच कानांत घातल्या.

लब-डब. लब-डब. मधे काहीच नाही!

त्या दिवशीही मला मीटिंगला उशीर झाला. पण मोबाइल मी स्वतःहून बंद केला होता.