आय-लीग का फसली?



24 नोव्हेंबर 2007 या दिवशी आपल्या देशात फुटबॉलची एक नवी साखळी स्पर्धा सुरू झाली. तिचे नाव आय-लीग. तिच्याआधी 1996 पासून राष्ट्रीय फुटबॉल लीग चालत होती, पण ती अर्धी हौशी, अर्धी धंदेवाईक अशी होती. नवी लीग पुरती व्यावसायिक होणार, खेळाडू खेळावरच पोट भरणार, असे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ठरवले. पहिल्या वर्षी दहा संघ होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या मैदानावर व एकदा दुसऱ्याच्या. म्हणजे एका संघाचे अठरा सामने झाले. ज्याचे गुण जास्त तो विजेता. तळाशी राहील तो खालच्या गटात जाणार. नियम सोपे होते. खेळणारेही चांगले होते.

या दहांत चार संघ गोव्याचे होते : धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स आणि स्पोर्टिंग. दोन मुंबईचे : महिंद्र युनायटेड व एअर इंडिया. म्हणजे निम्म्याहून अधिक लीग आपल्या कोकणपट्टीची. पहिल्या सहा वर्षांत अजिंक्यपद एकदाही गोव्याबाहेर गेले नाही. आता पुढची हकिकत ऐका. महिंद्र युनायटेडने 2010 साली गाशा गुंडाळला. पंजाबातल्या फगवाड्याच्या जे.सी.टी. गिरणीचा संघ 2011 साली बंद झाला; राष्ट्रीय लीगचा अगदी पहिला विजेता तो हाच. एअर इंडिया 2013 मध्ये बाहेर पडली. साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी 2016 साली नाव काढून घेतले, आणि खालच्या गटातून पुन्हा वर येण्याचा मान मिळवलेल्या धेंपोनेही त्याच वर्षी माघार घेतली. मागाहून आलेले पुणे एफ.सी., भारत एफ.सी. आणि मुंबई एफ.सी. हे तिघेही 2017 च्या आत संपले. यांपैकी पुण्याचा भारत एफ.सी. तर एकाच हंगामाचा धनी!

दहा वर्षांत एवढी पडझड का व्हावी?

कोणी म्हणेल, आपल्या लोकांना क्रिकेटपुढे काही सुचत नाही. हे उत्तर सोपे आहे, पण खरे नाही. 13 जुलै 1997 रोजी कलकत्त्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागान व ईस्ट बंगाल यांचा सामना झाला, त्याला 1,31,781 प्रेक्षक हजर होते. एवढी माणसे पाहायला येतात तो खेळ लोकांना नको आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? दोष लोकांच्या आवडीत नव्हता. तो हिशेबात होता.

फुटबॉलच्या क्लबाला पैसा चार वाटांनी येतो. तिकिटे, दूरचित्रवाणीचे हक्क, तयार केलेला खेळाडू दुसऱ्या क्लबाला देऊन मिळणारी रक्कम, आणि मालकाचा खिसा. आय-लीगच्या बहुतेक क्लबांना पहिल्या तीन वाटा जवळजवळ बंदच होत्या. राहता राहिला मालकाचा खिसा. आता मालक म्हणजे कोण? कुठे खाणवाला, कुठे गिरणीवाला, कुठे मोटारीचा कारखाना. संघाचे नाव कारखान्याचे, खर्च कारखान्याच्या जाहिरात खात्यातला. कारखान्याच्या मंडळाने एका सभेत ठरवले की हा खर्च पुरे, की संघ संपला. गावाला कोणी विचारत नाही, कारण संघ गावाचा कधी नव्हताच. जे.सी.टी.च्या चालकांनी संघ बंद करताना हेच बोलून दाखवले : खर्च करावा, तर त्या मानाने स्पर्धेला प्रसिद्धी नाही.

आपल्या खानदेशातल्या जत्रेत कुस्त्यांचा फड लागतो, त्याच्याशी हे ताडून पाहा. सुरुवातीला पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग शंभराच्या, मग हजाराच्या, आणि दिवस कलताना मोठ्या इनामाची. वर्गणी घरटी जमलेली असते. एखाद्या सावकाराने या वर्षी हात आखडला, तर इनाम कमी होईल, पण फड मोडणार नाही. आय-लीगमध्ये मोठ्या इनामाची कुस्ती तेवढी होती. खाली रेवड्यांच्या कुस्त्याही नव्हत्या आणि घरटी वर्गणीही नव्हती.

हे आपल्याच देशात व्हावे असे नाही. अमेरिकेत 1968 साली अशीच एक लीग निघाली. 1975 साली तिने साक्षात पेलेला न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघात आणले. तोच संघ 1977 साली कलकत्त्यात मोहन बागानशी खेळून गेला. अमेरिकेतल्या संघांची संख्या चोविसावर गेली, खर्च आकाशाला भिडला, दूरचित्रवाणीने पाठ फिरवली, आणि 1984 च्या हंगामानंतर ती लीग मिटली.

जपानची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती सविस्तर सांगण्याजोगी आहे. तिथेही पूर्वी कारखान्यांचेच संघ असत. 1993 साली त्यांनी जे-लीग काढली, तीही दहाच संघांची. पण आरंभीच अट घातली की संघाने गावाचे नाव लावावे, गावाशी नाते जोडावे आणि लहान मुलांचे संघ चालवावेत. काशिमा नावाच्या गावी पोलादाच्या कारखान्याचा एक संघ होता. गावची वस्ती जेमतेम पन्नास हजारांच्या आतली. आपले नंदुरबार शहर 2011 च्या जनगणनेत एक लाखावर होते, म्हणजे त्याच्या निम्मेही नव्हे. त्या गावासाठी पंधरा हजार प्रेक्षकांचे मैदान बांधले गेले. ब्राझीलचा झिको तिथे खेळायला आला. पण तो गेल्यावरही संघ टिकला, आणि पुढे त्याने जपानात सर्वांत जास्त अजिंक्यपदे मिळवली. जपानलाही मध्ये वाईट दिवस आले. काही मालकांनी हात वर केले. तरी गावांनी संघ धरून ठेवले.

आपल्याकडे कारखान्याचा संघ जाऊन गावाचा संघ यायला हवा होता. झाले असे, की कारखान्याचा संघ गेला आणि त्या जागी काहीच आले नाही. एअर इंडियाचेच घ्या. तिचे खेळाडू कंपनीच्या नोकरीत असत. पाय थकले की कचेरीतले टेबल होते. आशियाई फुटबॉल संघटनेच्या परवाना नियमांप्रमाणे क्लब ही स्वतंत्र व्यावसायिक संस्था असावी लागते. त्या कसोटीला एअर इंडिया व ओ.एन.जी.सी. उतरल्या नाहीत, म्हणून 2013 साली दोघींना वगळले. नियम जगभरचा आहे, कागदावर त्यात चूक काढता येणार नाही. पण ज्या खेळाडूची कायमची नोकरी सुटून एका वर्षाचा करारनामा हाती आला, त्याला विचारून पाहा.

मैदानांचीही रडकथा होती. मुंबईचे कूपरेज दुरुस्तीला निघाले, तेव्हा मुंबई एफ.सी.ला आपले ‘घरचे’ सामने पुण्याला बालेवाडीत खेळावे लागले. दादरचा चाहता दर आठवड्याला पुण्याला कसा जाईल?

आता मुख्य घाव कोणता, तो सांगतो. महासंघाने झी स्पोर्ट्सशी प्रक्षेपणाचा दहा वर्षांचा करार केला होता. तो 2010 मध्ये अर्ध्यावरच मोडला. त्याच डिसेंबरात रिलायन्स आणि आय.एम.जी. यांच्या जोडकंपनीशी नवा करार झाला : पंधरा वर्षे, सातशे कोटी रुपये. महासंघाची तिजोरी रिकामी होती, त्यामुळे रक्कम मोठी वाटली. पण त्या करारात आणखी एक गोष्ट होती. कंपनीला स्वतःची नवी लीग काढण्याची मुभा मिळाली.

नंदुरबारच्या मिरचीच्या बाजारातला शेतकरी हे चटकन ओळखेल. तुमचा माल विकण्याचे काम ज्या अडत्यावर सोपवले, त्यानेच शेजारी स्वतःचे दुकान मांडले, तर तुमच्या ढिगाकडे गिऱ्हाईक कोण वळवणार? अडत्या लबाडच असायला पाहिजे असे नाही. त्याचे हित आता दुसरीकडे आहे, एवढेच पुरे.

ते दुकान ऑक्टोबर 2014 मध्ये उघडले. इंडियन सुपर लीग. आठ संघ आणि जेमतेम दोन-सव्वादोन महिन्यांचा हंगाम. डेल पिएरो दिल्लीला, अनेल्का मुंबईला, त्रेझेगे पुण्याला. नावे मोठी, पण बहुतेकांची उमेदीची वर्षे सरलेली. तरीही सामन्यामागे सरासरी वीस हजारांवर माणसे आली, हे मान्य केलेच पाहिजे. त्या लीगचे दिवे, प्रक्षेपण, जाहिरात सारेच झगझगीत होते. जुन्या लीगच्या वाट्याला राहिलेले महिने आले. मे 2016 मध्ये महासंघाने आराखडा मांडला : सुपर लीग वर, आय-लीग खाली, आणि खालून वर जाण्याची वाटच नाही. म्हणजे तुम्ही अजिंक्य ठरलात तरी आहात तिथेच. गोव्याच्या क्लबांनी पाठ फिरवली ती यावर. 2018-19 च्या हंगामात तर भर स्पर्धेत पुष्कळ सामन्यांचे प्रक्षेपणच कमी केले गेले. 2019 साली आशियाई स्पर्धेचा मोठा मानही सुपर लीगच्या विजेत्याकडे गेला. बंगळुरूचा क्लब 2017 मध्येच तिकडे गेला होता. मोहन बागान व ईस्ट बंगालही 2020 मध्ये गेले. खालून वर जाण्याची वाट उघडली ती 2022-23 च्या हंगामापासून; तोवर वर जाण्याची हौस असलेले जुने क्लब फारसे उरले नव्हते.

या पडझडीत एक गंमत घडली. मिझोरममधल्या डोंगरावरच्या ऐझॉल गावचा क्लब 2016 मध्ये तळाला जाऊन बाहेर पडला होता. गोवेकरांनी जागा सोडल्या म्हणून त्याला परत बोलावले, आणि पुढच्याच वर्षी, 2017 साली, तो देशाचा अजिंक्य ठरला! आपल्या सातपुड्यासारखाच डोंगराळ, रानावनातला मुलूख. मोठा कारखाना नाही, खाण नाही. मग बळ कुठून आले? मिझोरमने 2012 पासून स्वतःची राज्य लीग चालवली होती, तिथल्याच केबलवाहिनीवरून तिचे सामने घरोघर दिसत, आणि प्रेक्षक आपलीच पोरे पाहायला येत. त्यांचा शिक्षक होता खालिद जमील. हा गृहस्थ मुंबईत महिंद्र, एअर इंडिया आणि मुंबई एफ.सी. या तिन्ही संघांकडून खेळलेला. तिन्ही संघ राहिले नाहीत; त्यांच्यात शिकलेले त्याने मिझोरमला नेले. ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय संघाचा प्रशिक्षक म्हणून त्याचीच निवड झाली.

नव्या दुकानाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. पुण्याचा सुपर लीगचा संघ 2019 मध्ये बंद पडला. त्याची जागा हैदराबादला गेली, आणि तिथून 2025 मध्ये दिल्लीला. गाडीचा डबा एका इंजिनावरून सोडून दुसऱ्याला जोडावा, तसा प्रकार. पंधरा वर्षांचा करार डिसेंबर 2025 मध्ये संपायचा होता. नूतनीकरण जमेना, म्हणून जुलैमध्येच हंगाम अडकला. महासंघाने हक्कांसाठी निविदा मागवल्या, तर एकही आली नाही. दिवे आणि जाहिरात असली तरी मूळ दुखणे तेच निघाले : एका खिशावर चाललेला संसार.

धडगाव, मोलगी, तोरणमाळ या बाजूंच्या शाळांतल्या शिक्षकांना यातून एक प्रश्न पडणे साहजिक आहे. वर्गातला एखादा मुलगा किंवा मुलगी जिवापाड खेळते आणि पालक विचारतात की यावर पोट भरेल का. खरे उत्तर असे, की वरच्या लीगच्या भरवशावर शाळा सोडू देऊ नका. महाराष्ट्रातले किती क्लब बुडाले ते वर सांगितलेच आहे. मात्र खालच्या पायऱ्या शाबूत आहेत. दिल्लीची सुब्रतो चषक स्पर्धा 1960 पासून चालत आली आहे, आणि तिची वाट शाळेपासूनच निघते : आधी जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र कोणत्या पातळीवरच्या स्पर्धेचे असावे, हे क्रीडा अधिकाऱ्याच्या कचेरीतून आधी विचारून घ्यावे आणि प्रत्येक सामन्याचा कागद शाळेच्या दप्तरात जपून ठेवावा. पावसाळ्यात सामन्यांची पत्रे येतात, तेव्हा घाटातले रस्ते बंद असतात. म्हणून संघाची नावे व जन्मतारखांचे दाखले शाळा उघडताच तयार ठेवलेले बरे.