चप्पल बरोबर न्या

कृत्रिम पायाचं माप द्यायला जाताना रोजच्या वापरातली चप्पल किंवा बूट बरोबर न्यायचे असतात, दोन्ही पायांचे. एक पाय नाही तर त्याची चप्पल कशाला, असं म्हणून ती बहुधा घरीच राहते. कृत्रिम पाय बसवणाऱ्या प्रोस्थेटिस्टला मात्र तिच्या टाचेची उंची मोजायची असते. सपाट चपलेवर जुळवलेल्या पायात दोन सेंटिमीटर टाचेचा बूट चढवला की पायाची नळी पुढे झुकते आणि दर पावलाला गुडघा दुमडू पाहतो. उलट, बुटावर जुळवलेला पाय अनवाणी टेकवला की नळी मागे कलते, गुडघा मागे रेटला जातो आणि सपाट फरशीवरही चढण लागल्यासारखी वाटते. नाशिकमध्ये हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. काळारामाच्या दारात चप्पल काढायची, रामकुंडाच्या ओल्या दगडी पायऱ्या अनवाणी उतरायच्या आणि घरात तर चप्पल उंबऱ्याबाहेरच. त्यामुळे पाय कोणत्या उंचीवर जुळवायचा, हा इथला पहिला प्रश्न आहे. पावलाच्या कंपनीचं नाव नंतर.

घरच्यांचा पहिला प्रश्न मात्र ‘सगळ्यात चांगलं पाऊल कोणतं?’ असाच असतो. त्याचं प्रामाणिक उत्तर म्हणजे उलटे प्रश्न. काम काय करता? वजन किती? दिवसभरात किती चालता? जेवायला मांडी घालून बसता की टेबलावर? शौचालय कसलं आहे?

सर्वांत साधं पाऊल ‘सॅच’. 1950च्या दशकात कॅलिफोर्नियात ते आकाराला आलं. आत लाकडाचा कणा, टाचेत मऊ रबराची पाचर. टाच टेकली की पाचर दबते. घोटा असा नसतोच. पंचवटीतल्या ज्या आजोबांचा पाय मधुमेहाने गेला आणि ज्यांना घर ते देऊळ एवढंच चालायचं आहे, त्यांना हे पाऊल भरवशाचं वाटतं. पण ते मुळात बुटात घालायचं. त्याच्या ताठ कण्यावर उकिडवं बसता येत नाही, आणि चिखलपाण्यात ते लवकर खराब होतं.

याच अडचणींतून 1968च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात नवं पाऊल घडलं. शालेय शिक्षण जेमतेम असलेले कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी ही त्यामागची प्रमुख नावं. टाच आणि चवडा सच्छिद्र रबराचे, घोट्यात लाकडी ठोकळा, वरून रबराचं कातडीच्या रंगाचं आवरण, आणि हे सगळं साच्यात तापवून एकजीव केलेलं. हे पाऊल वर दुमडतं आणि आतबाहेरही थोडं कलतं. भाताच्या बांधावर चालायला दोन्ही लागतं. 1975 मध्ये भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली आणि शिबिरांतून ते गावोगाव गेलं. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नर्तिका सुधा चंद्रन या पायावर नाचल्या, 1986 मध्ये त्यांच्यावरचा ‘नाचे मयूरी’ हा चित्रपट आला आणि घराघरात ‘जयपूर फूट’ हे जादूचं नाव झालं. मला विचाराल तर त्या नाचात पावलापेक्षा रियाजाचा वाटा मोठा होता.

तिसरा प्रकार कार्बन तंतूंचा. वॉटर स्कीइंग करताना पाय गमावलेल्या व्हॅन फिलिप्स या अमेरिकी तरुणाने 1984 मध्ये अशा पावलांची कंपनी काढली. शरीराचा भार पडला की पातं दबतं आणि पाऊल उचलताना ती ऊर्जा परत देतं. पात्याचा ताठपणा वजन आणि हालचाल पाहून निवडतात. जड माणसाला मऊ पातं दिलं तर ते नुसतंच दबतं, हलक्याला ताठ दिलं तर वाकतच नाही. जुलै 2025 मध्ये डीआरडीओ आणि बीबीनगरच्या एम्सने देशी कार्बन पाऊल सादर केलं आणि त्याची किंमत वीस हजारांच्या आत ठेवण्याचा मानस सांगितला. तसं झालं तर अंबड-सातपूरच्या कारखान्यात सेफ्टी शूज घालून उभं राहणाऱ्या कामगाराला हा पर्याय परवडेल. पेठ-सुरगाण्याकडे भातलावणीच्या चिखलात उभं राहणाऱ्या बाईला मी तरी तो सुचवणार नाही.

पाऊल ठरलं तरी निम्मं काम उरतं, आणि माझ्या मते अवघड निम्मं तेच. सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो तो साचा), नळी आणि पाऊल एकमेकांशी कोणत्या कोनात जोडायचं, हे अलाइनमेंट. गुडघ्याखालच्या पायासाठी सुरुवात टेबलावर, ओळंबा लावून होते. सॉकेट साधारण 5 अंश पुढे कलतं ठेवतात, म्हणजे गुडघा किंचित वाकलेला राहतो आणि भार गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड कंडरेवर येतो. समोरून पाहिलं तर पाऊल साधारण 12 मिलिमीटर आतल्या बाजूला असतं आणि चवडा पाच-सात अंश बाहेर वळलेला. मग रुग्णाला उभं करून कमरेची दोन्ही हाडं एका पातळीत आहेत का ते बघतात. शेवटी दोन दांड्यांच्या मधून चालवतात.

इथे मोजपट्टी बाजूला पडते आणि कान महत्त्वाचे होतात. रुग्ण म्हणतो, ‘टाच टेकली की गुडघा पुढे फेकला जातो.’ तर टाच फार कडक आहे किंवा चवडा फार वर उचललेला आहे. ‘पाऊल उचलताना खड्ड्यात गेल्यासारखं होतं.’ तर पाऊल सॉकेटच्या फार मागे आहे. ‘सारखा चढ लागतोय’ म्हटलं तर फार पुढे. चालताना गुडघा बाहेर हिसका मारत असेल तर पाऊल जास्तच आत गेलंय. आधुनिक पायाच्या जोडात चार छोटे स्क्रू असतात. एक सैल करायचा, समोरचा आवळायचा, पुन्हा चालवून बघायचं. अर्ध्या फेऱ्यानेही चाल बदलते.

पण स्क्रूला हात लावण्याआधी सॉकेट बघावं लागतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षात उरलेला पाय आकसत जातो, सॉकेट ढिलं होतं, पाय आत खाली सरकतो आणि बसलेली सगळी जुळणी बिघडते. अशा वेळी जाड मोजा चढवला की पुष्कळदा दुखणं थांबतं. ढिल्या सॉकेटवर स्क्रू फिरवत बसलं तर चूक झाकली जाते, एवढंच.

मोफत शिबिरांचं ऋण मोठं आहे, पण त्यांची एक अडचण कुणी बोलत नाही. तिथे मिळणाऱ्या एचडीपीई प्लास्टिक पाइपच्या एकसंध पायाला असे स्क्रू नसतात. पाऊल एकदा बसवलं की नंतर कोन बदलायला फारसा वाव नाही. त्यात शिबिरातला माणूस उपकाराच्या ओझ्याने सगळ्यालाच ‘बरं आहे’ म्हणतो. खड्डा, चढ, हिसका, काहीच सांगत नाही. घरी जातो, पंधरा दिवसांत पाय कोपऱ्यात आणि कुबड्या पुन्हा काखेत.

म्हणून पाय मिळाल्यावर लगेच गावाची एसटी धरू नये. तिथेच पायऱ्या चढून-उतरून बघाव्यात, जमिनीवर बसून उठावं, चप्पल काढून चालावं. पाय काढल्यावर कातडीवरची लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली नाही तर ते सांगावं. निफाडच्या द्राक्षबागेत छाटणीला दिवसभर मान वर करून उभं राहायचं असेल तर तसं उभं राहून दाखवावं. पुढची तारीख मात्र लेखी घ्यावी. महिन्याने एकदा, तीन महिन्यांनी पुन्हा, आणि सुरगाण्याहून येणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज बुडणार हे गृहीत धरून शिबिराच्या खर्चातच त्याची सोय असावी.