परदेशप्रवासातील अमेरिकी फास्ट फूड : नावाचे साम्य आणि पदार्थातील भेद

प्रस्तावना

परदेशी गेलेला प्रवासी पॅरिस, टोकियो वा सिंगापूर यांपैकी कोणत्याही शहरात उतरला तरी काही पाट्या त्याला ओळखीच्या वाटतात. मॅकडोनाल्ड्स, केएफसी, बर्गर किंग, पिझ्झा हट या अमेरिकेत जन्मलेल्या उपाहारगृह-साखळ्यांच्या त्या पाट्या होत. भाषा अनोळखी, नाणी अनोळखी, रस्ते अनोळखी अशा अवस्थेत ती पाटी दिसताच त्याला हायसे वाटते आणि स्थानिक पदार्थ चाखण्याच्या इराद्याने निघालेला प्रवासीही एखाद्या जेवणापुरता तेथे वळतो. या वर्तनाची टिंगल पुष्कळ झाली आहे. तीत भर घालणे हा येथील हेतू नाही. या उपाहारगृहांत प्रवाशाला देशोदेशी नेमके काय एकसारखे मिळते आणि काय मिळत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. सर्वसाधारण प्रवाशाला हा प्रश्न कुतूहलाचा वाटेल. परंतु जो शाकाहारी आहे अथवा धर्मनियमाने एखादे अन्न वर्ज्य मानतो, त्याच्या दृष्टीने तो कुतूहलाचा राहत नाही.

परिचित अन्नाची ओढ

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ क्लोद फिश्लर यांनी मनुष्याच्या आहारातील एका मूलभूत पेचाकडे लक्ष वेधले आहे. मनुष्य सर्वभक्षी असल्यामुळे त्याला नव्या अन्नाची ओढ असते, आणि नवे अन्न अपायकारक ठरू शकते म्हणून त्याची धास्तीही असते. घरी असताना ही धास्ती सुप्त राहते, कारण ताटात काय वाढले जाणार हे ठाऊक असते. प्रवासात ती जागी होते. पर्यटनाचे समाजशास्त्र मांडणाऱ्या एरिक कोहेन यांनी १९७२ मध्ये असे प्रतिपादन केले, की बहुसंख्य पर्यटक आपल्या परिचित वातावरणाचा एक बुडबुडा सोबत घेऊनच परदेश पाहतात. पुढे २००४ मध्ये निर अविएली यांच्यासमवेत लिहिलेल्या लेखात त्यांनी पर्यटकाला खुणावणारे स्थानिक अन्न अनेकदा त्याच्या मार्गातील अडथळाही कसे ठरते, हे दाखवून दिले.

मराठी माणसाला हा बुडबुडा नवा नाही. आपल्याकडे त्याला शिदोरी असे सुटसुटीत नाव आहे. दशम्या, चिवडा आणि लोणच्याची बरणी घेऊन विमानात बसणारे प्रवासी आणि सहलीबरोबर स्वयंपाकी पाठवणाऱ्या पर्यटनसंस्था ही तिचीच रूपे होत. शिदोरीची सोय नव्हती त्या काळात हा प्रश्न किती बिकट होता, हे आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रावरून कळते. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस निघताना, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी जाहीर सभेत सांगितले होते. फिलाडेल्फियाच्या थंडीत शाकाहार सांभाळीत त्यांनी १८८६ मध्ये पदवी मिळवली. त्यांना अन्न कोणते आहे हे पारखून घ्यावे लागे, कारण सभोवतालचे सारेच परके होते. आजच्या प्रवाशासमोर परके अन्न परिचित नावाने येते. अडचण नेमकी तेथे आहे.

सर्वत्र सारखे काय असते

रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या बंधूंनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथील आपल्या उपाहारगृहाची पुनर्रचना केली. वाढपी काढून टाकले, पदार्थांची संख्या कमी केली आणि कारखान्यातील जुळणीप्रमाणे प्रत्येक कामगाराकडे एकच काम सोपवले. रे क्रॉक यांनी १९५५ मध्ये इलिनॉय राज्यातील डेस प्लेन्स येथे आपली शाखा उघडून या पद्धतीच्या प्रसारास आरंभ केला. जॉर्ज रिट्झर यांनी १९९३ मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या व्यवस्थेची चार लक्षणे सांगितली आहेत : कार्यक्षमता, मोजमाप, पूर्वानुमेयता आणि नियंत्रण. यांपैकी पूर्वानुमेयता प्रवाशाच्या विशेष उपयोगाची. दर्शनी फलकावर चित्र, क्रमांक आणि किंमत असते. बोट दाखवले की काम भागते. पैसे आधी द्यावयाचे असतात, त्यामुळे बिलात फसवणूक होण्याची भीती नसते. बक्षिसी किती द्यावी, हा प्रश्नही बहुधा उद्भवत नाही.

मानवशास्त्रज्ञ जेम्स वॉटसन यांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात बीजिंग, हाँगकाँग, तैपेई, सोल आणि टोकियो या पाच शहरांतील मॅकडोनाल्ड्सचा अभ्यास आला आहे. हाँगकाँगमध्ये स्वच्छ प्रसाधनगृहांमुळे लोकांच्या अपेक्षा कशा बदलल्या आणि शाळकरी मुलांनी अभ्यासासाठी ही जागा कशी आपलीशी केली, याची त्यातील निरीक्षणे उद्बोधक आहेत. अमेरिकेत 'खा आणि निघा' या हेतूने रचलेली जागा आशियात निवांत बसण्याची जागा झाली. पाय दुखलेल्या प्रवाशालाही बहुतेक वेळा बर्गरपेक्षा खुर्ची आणि प्रसाधनगृहच हवे असते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

सारांश, देशोदेशी जे एकसारखे राहते ते मुख्यतः कार्यपद्धतीचे आणि दर्शनी रूपाचे साम्य होय. पदार्थाचे साम्य त्यावरून गृहीत धरले जाते.

पदार्थ का बदलतो

धर्माचरणाशी जुळवून घेण्याची सुरुवात अमेरिकेतच झाली. सिनसिनाटीच्या कॅथलिक वस्तीतील शाखाचालक लू ग्रोएन यांची विक्री शुक्रवारी घसरत असे, कारण त्या दिवशी त्यांचे ग्राहक मांस खात नसत. त्यांनी १९६२ मध्ये माशाचा बर्गर सुचवला. क्रॉक यांच्या मनात मात्र पावात अननसाची चकती घातलेला स्वतःचा पदार्थ होता. दोन्ही पदार्थांची विक्री करून पाहण्यात आली आणि मासा जिंकला. साखळीच्या इतिहासातील हा शाकाहारी प्रयोग असा अल्पायुषी ठरला.

पुढे साखळी परदेशी गेली तसे हे बदल वाढत गेले. भारतात १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये पहिली शाखा उघडली तेव्हा गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही वगळण्यात आले, शाकाहारी व मांसाहारी पदार्थांची तयारी वेगळी ठेवण्यात आली आणि अंड्याविना मेयोनेज तयार करण्यात आले. इस्राएलमध्ये काही शाखा कोशर नियमांनुसार चालतात. मलेशिया व सिंगापूर येथील शाखा हलाल प्रमाणित आहेत. हलालची खूण मुस्लिम प्रवाशाला निर्धास्त करते. त्याच दुकानात गोमांसाचा बर्गर मिळत असल्याने हिंदू प्रवाशाला मात्र तिचा काही उपयोग नसतो. जपानमधील तेरियाकी बर्गरची कथा याहून सूक्ष्म आहे. बर्गर म्हटले की गोमांस, असे समजून जो तो टाळील त्याचा अंदाज चुकतो, आणि गोमांस चालते म्हणून जो मागवील त्याचाही चुकतो. कारण त्यातील टिक्की डुकराच्या मांसाची असते. 'द इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकाने १९८६ पासून चलनांची तुलना करण्यासाठी बिग मॅकच्या किमतीचा निर्देशांक काढला, तो हा पदार्थ सर्वत्र सारखा असतो या गृहीतकावर; भारतासाठी मात्र त्यांना चिकनच्या महाराजा मॅकचा आधार घ्यावा लागला.

नाव न बदलता घटक बदलतात, तेव्हा भेद डोळ्यांना दिसत नाही. कॅनडातील वैद्यकीय नियतकालिकात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा देशांच्या तौलनिक अभ्यासात चिकन मॅकनगेट्समधील मिठाचे प्रमाण दर १०० ग्रॅममागे ब्रिटनमध्ये ०.६ ग्रॅम, तर अमेरिकेत १.६ ग्रॅम आढळले. त्यापूर्वी २००६ मध्ये डॅनिश संशोधकांनी निरनिराळ्या देशांतून नगेट्स व फ्रेंच फ्राईज विकत घेऊन त्यांतील औद्योगिक ट्रान्स मेदाचे मापन केले होते. मॅकडोनाल्ड्सच्या एका मोठ्या जेवणात हा मेद डेन्मार्कमध्ये एक ग्रॅमहून कमी, तर न्यूयॉर्कमध्ये दहा ग्रॅमच्या आसपास निघाला. डेन्मार्कने कायद्याने मर्यादा घातली होती, अमेरिकेने तोवर घातली नव्हती, एवढाच फरक. अमेरिकेत असा मेद असलेली तेले २०१८ पासून हटवण्यात आली आणि भारतातही २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा लागू आहे. पाककृती एकाच कंपनीची असली तरी तीत काय असावे हे त्या त्या देशाचा कायदा आणि पुरवठादार ठरवतात, हे या आकडेवारीतून स्पष्ट होते.

फ्रेंच फ्राईजचा खटला

या भेदाची सर्वाधिक झळ पोहोचली ती बटाट्याच्या साध्या कापांमुळे. शाकाहारी भारतीय प्रवासी अमेरिकेत कोठेही अडला की शेवटचा आधार म्हणून फ्राईज मागवी. बटाटा, तेल आणि मीठ यांत मांस कोठून येणार, असा त्याचा विचार असे.

अमेरिकेतील मॅकडोनाल्ड्समध्ये हे काप पूर्वी मुख्यतः गोवंशीय चरबीत तळले जात. हृदयविकाराविषयीची टीका वाढल्यावर कंपनीने १९९० मध्ये शुद्ध वनस्पती तेल वापरण्याचे जाहीर केले. ही घोषणा ऐकून अनेक शाकाहारी कुटुंबांनी ते काप निर्धास्तपणे खाण्यास सुरुवात केली. परंतु जुनी चव टिकवण्यासाठी कापांना गोमांसापासून काढलेला स्वाद लावला जात होता. हे काप शाखेत तयार होत नाहीत. बटाटे कारखान्यात सोलून, कापून, गरम पाण्यातून काढून अर्धवट तळले जातात, मग गोठवून शाखांकडे पाठवले जातात. स्वाद कारखान्यातच मिसळला जातो. त्यामुळे शाखेतील कर्मचाऱ्याने 'आम्ही वनस्पती तेलच वापरतो' असे प्रामाणिकपणे सांगितले तरी ग्राहकाची दिशाभूल होई. घटकसूचीत लिहिलेल्या 'नैसर्गिक स्वाद' या शब्दांतूनही काही उलगडत नसे, कारण अमेरिकी नियमांनुसार मांसापासून मिळवलेला स्वादही 'नैसर्गिक' या सदरात मोडतो.

मे २००१ मध्ये सिअ‍ॅटल येथील वकील हरीश भारती यांनी हिंदू व अन्य शाकाहारी ग्राहकांच्या वतीने दावा दाखल केला. त्याचे पडसाद भारतातही उमटले. मुंबई-ठाणे परिसरात निदर्शने व मोडतोड झाली. भारतातील कापांत असा स्वाद नाही, असे येथील कंपनीने जाहीर केले. २००२ मध्ये अमेरिकेत तडजोड झाली. पूर्ण माहिती न दिल्याबद्दल कंपनीने क्षमा मागितली आणि शाकाहारी, हिंदू, शीख आदी संस्थांसाठी एक कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. तथापि, पाककृती बदलली नाही. अमेरिकेतील फ्राईजच्या घटकांत गोमांसाचा स्वाद आजही नमूद असतो. ब्रिटनमध्ये मात्र त्याच नावाचे काप शाकाहारी आहेत. लंडनला मुक्काम करून न्यूयॉर्कला जाणाऱ्या प्रवाशाच्या हाती दोन्ही ठिकाणी तेच नाव येते, आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचा नियम नकळत मोडतो.

या दाव्यात भरपाईच्या रकमेपेक्षा मोलाचे काही गुंतले होते. वर्ज्य अन्न नकळत पोटात गेले तर ते परत काढता येत नाही. 'नकळत झाले, दोष नाही' असे समाधान काहीजण करून घेतात, काहींना ते करता येत नाही, आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसाला अतिरेकी ठरवण्याचा अधिकार विक्रेत्याला नसतो.

खूण नसलेल्या देशांत

योगायोग असा, की ज्या वर्षी हा दावा दाखल झाला त्याच वर्षी भारतात वेष्टनातील खाद्यपदार्थांवर शाकाहारी व मांसाहारी असल्याची खूण छापण्यासंबंधीचे नियम करण्यात आले. हिरवा ठिपका पाहून वस्तू उचलण्याची सवय आपल्या आता अंगवळणी पडली आहे. परदेशात अशी सक्तीची खूण सहसा नसते. युरोपीय संघात २०१४ पासून चौदा अधिहर्षकारक घटकांची, म्हणजे अ‍ॅलर्जी उत्पन्न करणाऱ्या पदार्थांची, माहिती उपाहारगृहांनाही द्यावी लागते. त्यांत दूध, अंडी, मासे येतात, परंतु गोमांस वा डुकराचे मांस येत नाही. ही यादी प्रकृती जपणाऱ्यासाठी आहे, व्रत जपणाऱ्यासाठी नव्हे. चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट असू शकते, हे तर कोणत्याच फलकावर दिसत नाही. म्हणून प्रवाशाने कंपनीच्या त्या त्या देशातील घटकसूचीचा शोध घेणे इष्ट. 'हे शाकाहारी आहे काय', या प्रश्नापेक्षा 'यात गोमांस, मासे वा अंडे आहे काय आणि ते कोणत्या तेलात तळले', हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो, कारण मासे खाणाऱ्यासही शाकाहारी समजणारे लोक पुष्कळ देशांत आहेत.

वनस्पतिजन्य टिक्कीचे बर्गर आल्यावर हा प्रश्न सुटेल, अशी अपेक्षा होती. बर्गर किंगने २०१९ मध्ये अमेरिकेत मांसविरहित टिक्कीचा बर्गर सर्वत्र उपलब्ध केला. ती टिक्की मांसाच्याच शेगडीवर भाजली जाते, हे कळल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लॉरिडात एका शुद्ध शाकाहारी ग्राहकाने दावा गुदरला. ग्राहकाने मागणी केल्यास टिक्की वेगळी शिजवून देण्याची सोय होती, परंतु फिर्यादीने तशी मागणी केली नव्हती. टिक्की मांसविरहित असल्याचे कंपनीने सांगितले होते, शेगडी वेगळी असल्याचे सांगितले नव्हते, असे नमूद करून न्यायालयाने जुलै २०२० मध्ये तो दावा फेटाळला.