बिस्किट बारीक होतोय!

डाएटवर होते मी आणि बारीक होत होता बिस्किट, माझा गिनीपिग! किचनच्या काट्यावर ९०० ग्रॅमचा गडी महिन्यात ७६०वर आला. मला वाटलं, फिगर सुधारली! व्हेटनी त्याच्या तोंडात पाहिलं आणि मलाच झापलं. गिनीपिगचे दात जन्मभर वाढतात. ते झिजायला सतत सुकं गवत चघळावं लागतं. मी आपली काकडी आणि पेलेट्स देत होते! भूल देऊन दाढा घासाव्या लागल्या. त्या दोन तासांत माझी काय हालत झाली, विचारू नका.

शिवाय आपल्यासारखंच त्याचं शरीरही व्हिटॅमिन सी बनवत नाही. म्हणून आता रोज सिमला मिरचीचा तुकडा, थोडी कोथिंबीर, आणि गवत चोवीस तास. तुमच्याकडच्यानं दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर वीकेंडची वाट बघू नका, लगेच व्हेट गाठा.

वजन दर रविवारी. काल ८१० भरलं!