सायलेन्सर बदलला म्हणून गाडी पळत नाही

पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांसमोर शनिवारी संध्याकाळी थोडा वेळ थांबलं, की स्पोर्ट बाइकवाल्या पोरांची यादी पाठ होते. सायलेन्सर, एअर फिल्टर, मागचा जाड टायर, शेपटीचा मडगार्ड काढून लावायची छोटी पट्टी. ब्रेक ऑइल मागणारा क्वचितच दिसतो. छोट्या स्पोर्ट बाइकबद्दलचे निम्मे गैरसमज या यादीतच आहेत.

यामाहाची आर-फिफ्टीन २००८ साली आपल्याकडे आली. दीडशे सीसी, लिक्विड कूलिंग, चार व्हॉल्व्ह आणि वळणावर न लचकणारी डेल्टाबॉक्स फ्रेम. पुढे चाकणला बनणारी केटीएम आरसी ३९० आली, मग टीव्हीएसची अपाचे आरआर ३१०. या गाड्यांमुळे साध्या नोकरदाराच्या पोरालाही ट्रॅकचं स्वप्न परवडू लागलं. स्वप्नाबरोबर सल्ले आले, आणि सल्ले फुकट असल्यामुळे भरपूर आले.

पहिला सल्ला सायलेन्सरचा. ‘कंपनी गाडी दाबून ठेवते, फ्री-फ्लो लाव, मोकळी होईल.’ हिशेब करून बघू. आर-फिफ्टीनच्या चौथ्या आवृत्तीची ताकद १८.४ पीएस आहे, तीही १०,००० आरपीएमला. नुसता मागचा डबा बदलून दहा टक्के ताकद वाढली असं घटकाभर धरू. तेवढी वाढत नाही, पण धरू. जास्त वेगात इंजिनाची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते आणि त्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे १४० ला अडकणारी गाडी दहा टक्के जादा ताकदीवर जेमतेम १४४-१४५ ला पोचेल. एवढ्यासाठी आठ-दहा हजार रुपये आणि शेजाऱ्यांच्या शिव्या! त्यात बऱ्याच गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर डब्याच्या आधी, बेंड पाइपकडे असतो. त्यामुळे डबा बदलून फक्त आवाज बदलतो.

बरं, आवाज वाढला की गाडी जोरात पळतेय असं वाटतंच. स्टॉपवॉच लावलं की ते वाटणं जातं. बीएस-सिक्स गाडीत एक वेगळी भानगडही आहे. संथ चालवताना ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोलचं प्रमाण सांभाळून घेतो, पण थ्रॉटल पूर्ण पिळला की तो आधी ठरवलेल्या आकड्यांवर चालतो. तुम्ही हवा वाढवली आणि आकडे तेच ठेवले, तर पेट्रोल कमी पडतं, इंजिन जास्त तापतं आणि मधल्या आरपीएमला पिकअप उलट पडतो. सायलेन्सर, फिल्टर आणि ईसीयूचं ट्यूनिंग एकत्र, डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, मोजून केलं तरच अर्थ आहे. आणि तशी गाडी ट्रॅकवरच शोभते.

कारण रस्त्यावर कायदा आहे. ‘आरटीओत थोडी फी भरली की चालतं’ हेही असंच एक ऐकीव. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो, शिवाय तीन महिने लायसन्सवर गदा. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो आपल्याकडच्या पेपरांत येतच असतात. तो शेपटीचा मडगार्ड आणि साडीगार्डसुद्धा नुसती शोभा नाही. मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं, असा मागे बसणाऱ्याच्या सुरक्षेसाठी नियमच आहे. ओढणी चाकात गेल्याच्या बातम्या वाचल्यात त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

आता जाड टायर. पहिल्या आर-फिफ्टीनचा मागचा टायर १००/८०-१७ होता. त्या गाडीवर १३० किंवा १४० चढवणं हा एक काळ धर्मच होता. ‘जाड टायर, जास्त ग्रिप.’ प्रत्यक्षात काय होतं? रिम तीच अरुंद. रुंद टायर तिच्यावर बसवला की त्याच्या बाजू आत खेचल्या जातात आणि गोलाई टोकदार होते. टायर कंपनीने ज्या आकारासाठी तो बनवला, तो आकारच राहत नाही. शिवाय जमिनीला टेकणारा रबराचा ठसा किती मोठा, हे मुख्यतः वजन आणि हवेचा दाब यांवर ठरतं. टायर रुंद झाला तर ठसा आडवा पसरतो आणि लांबीला कमी होतो, क्षेत्रफळात फार फरक पडत नाही. चाक जड होतं. तेच वळण त्याच वेगात घ्यायला गाडी जास्त झुकवावी लागते. चेन टायरला घासते ती वेगळीच. अठरा पीएसच्या गाडीला कोरड्या रस्त्यावर मागचा टायर कमी पडतो, ही तक्रार मुळातच विनोदी आहे.

ग्रिप हवी असेल तर कंपनीने सांगितलेल्याच मापाचा, पण चांगल्या रबराचा ताजा टायर घ्या. बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानदार सवलत देतोय म्हणून चार वर्षं गोदामात पडलेला टायर आणू नका. रस्त्यावर स्लिक टायर तर मुळीच नकोत. टायरवरच्या नक्ष्या पाणी बाहेर काढायला असतात. स्लिकला कोरडा ट्रॅक आणि भरपूर उष्णता लागते. जुलैत ताम्हिणीत त्याला यातलं काहीच मिळणार नाही.

हवेबद्दल ‘ट्रॅकवर वीसपर्यंत उतरव’ असं सर्रास सांगतात. दाब कमी करतात हे खरं, कारण दोन-चार फेऱ्यांत टायर तापून आतला दाब चढतो. पण किती उतरवायचा ते टायरवर अवलंबून असतं. टायर कंपनीचा आकडा घ्या, पिटमध्ये आल्या आल्या गरम टायरचा दाब मोजा, आणि घरी निघायच्या आधी रस्त्याचा दाब परत भरा.

ज्याच्याकडे कोणी बघत नाही ते ब्रेक ऑइल. ‘ब्रेक लागतायत ना, मग कशाला बदलायचं?’ बहुतेक गाड्यांत डॉट-४ असतं. ते ग्लायकॉलचं बनलेलं असतं आणि हवेतलं पाणी शोषून घेतं. डबी बंद असली तरी होजमधून आणि सीलमधून दमटपणा आत जातोच. कोकणात तर बोलायलाच नको. कोऱ्या डॉट-४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर मानकाची अपेक्षा फक्त १५५ अंशांची उरते. गावातल्या वाहतुकीत कॅलिपर एवढा तापत नाही, म्हणून ब्रेक ‘लागतायत’. ट्रॅकवर दर फेरीला सरळ पट्टीच्या शेवटी तोच ब्रेक जोरात दाबला जातो. चौथ्या-पाचव्या फेरीला कॅलिपरमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. ब्रेकची दांडी थेट हँडलला टेकते आणि समोर वळण असतं.

हँडलवरच्या डबीच्या काचेतून बघा. नवं ऑइल फिकट पिवळं असतं, जुनं कोऱ्या चहासारखं दिसतं. चहा दिसला की बदला, आणि रंग कसाही असो, दोन वर्षांनी बदलाच. ट्रॅकवर जायच्या आधी तर हमखास. बाटलीचा खर्च पेट्रोलच्या एका टाकीहून कमी आहे. एक घोळ मात्र टाळा. डॉट-५.१ हे डॉट-४ सारखंच ग्लायकॉलचं, पण नुसतं डॉट-५ म्हणजे सिलिकॉन. आकडा मोठा म्हणून ते ओतायचं नाही. आणि सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, टाकीचा रंग खातं.

मोठ्या डिस्कबद्दल एकच वाक्य: गाडी थांबवतो तो टायर. रेसिंग पॅडही थंड असताना नीट पकडत नाहीत, म्हणजे सकाळी कॉलनीच्या गेटपाशी तेच पॅड धोक्याचे.

चेन. ‘ढिली चेन उतरते, म्हणून घट्टच बरी.’ चाक वर-खाली होताना चेनवरचा ताण बदलतो. आधीच घट्ट असलेली चेन, मागे माणूस बसला किंवा खड्डा आला, की ताठ होते आणि गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टची बेअरिंग खाते. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करून ढिलाई मोजा, मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक थोडं थोडं फिरवून चार ठिकाणी मोजायचं आणि जिथे सर्वांत घट्ट, तिथला आकडा धरायचा. धुवायला रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल आणि तारेचा ब्रश यांनी कड्यांमधल्या रबरी ओ-रिंग जातात. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसणारे बहाद्दर आहेत. बोटं जातात. चाक हाताने फिरवा.

खरोखर फरक जाणवणारा बदलही इथेच, चेनशी, आहे. पुढचं स्प्रॉकेट १५ दात्यांऐवजी १४ चं लावलं की प्रत्येक गिअर सुमारे सात टक्के हलका होतो. पिकअप वाढतो, वरच्या टोकाचा वेग त्याच आरपीएमला तेवढाच घटतो. यात योग्य-अयोग्य ट्रॅक ठरवतो. कोइम्बतूरचा करी स्पीडवे जेमतेम दोन किलोमीटरचा, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक सुमारे ३.७, तर ग्रेटर नोएडाचा बुद्ध पाच किलोमीटरहून लांब आणि त्यात भलीमोठी सरळ पट्टी. एकाच गाडीला तिन्हीकडे एकच स्प्रॉकेट चालणार नाही. गिअरबॉक्सकडून वेग मोजणाऱ्या गाडीत स्पीडोमीटरही थापा मारायला लागतो.

इंजिन ऑइलमध्ये महागापेक्षा योग्य महत्त्वाचं. बाटलीवर ‘जॅसो एमए’ किंवा ‘एमए-टू’ हवं. गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या काही ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरतो. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल इंजिनात ताकद घालत नाही, ते फक्त अवेळी पेट घेण्याला जास्त विरोध करतं. मॅन्युअल साधं पेट्रोल चालतं म्हणत असेल तर साधंच घाला.

ट्रॅकला जाताना उलट काढायचंच जास्त असतं. आरसे, लेग गार्ड, नंबरप्लेट उतरवा, दिव्यांना टेप लावा. लेग गार्ड रस्त्यावर पाय वाचवतो, ट्रॅकवर घसरलेली गाडी त्यावर अडकून उलटते. अनेक ट्रॅकवर रेडिएटरमध्ये ग्लायकॉलचं कूलंट चालत नाही, कारण ते सांडलं की डांबर साबणासारखं होतं. साधं पाणी भरावं लागतं. परत आल्यावर मात्र कूलंट विसरू नका, नुसत्या पाण्याने आतून गंज चढतो.

आणि निघायच्या आधी विम्याचं पॉलिसीपत्र काढून ‘वापराच्या मर्यादा’ हा परिच्छेद वाचा. संघटित शर्यती आणि वेगचाचणी आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत वगळलेल्या असतात. ट्रॅकवर फुटलेलं फेअरिंग तुमच्याच खिशातून भरून निघतं.